आंतरराष्ट्रीय व्यापार आणि स्थलांतर

देशादेशांतील मालाची देवघेव आणि रोजगारासाठी होणारे माणसांचे स्थलांतर यांचा परस्परसंबंध. एक वाढले की दुसरे घटते, की दोन्ही एकमेकांना बळ देतात, हा या विषयातील मूळ वाद होय. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी १९५७ मध्ये पहिली बाजू मांडली : ज्या देशात मजूर मुबलक आहेत, तो देश मजुरांऐवजी त्यांच्या हातचे कापड बाहेर पाठवू शकतो, त्यावर परदेशाने जकात बसवली, तर मात्र माणसे किंवा भांडवल सीमा ओलांडू लागते. देशांमधील फरक तंत्रज्ञानाचा असेल, तर व्यापार आणि स्थलांतर परस्परपूरक ठरतात, असे जेम्स मार्कुसेन यांनी १९८३ मध्ये दाखवले.

नागपूरचा इतिहास पाहता हा वाद केवळ सिद्धांताने मिटणारा नाही. वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे आणि ही वाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांचे पोट होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील कापड गिरण्यांच्या लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला, इकडच्या कापसाची मागणी वाढली आणि १८६७ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे नागपुरास पोहोचली. कापूस आता गाठी बांधून मुंबई बंदराकडे जाऊ लागला. तांड्यांचे काम गेले, पण त्याच व्यापाराने राजस्थानातील सावकार आणि अडत्यांना इकडे खेचले. कस्तुरचंद पार्कला ज्यांचे नाव आहे, ते सर कस्तुरचंद डागा मूळ बिकानेरच्या घराण्यातले.

दुसरीकडे मँचेस्टरच्या स्वस्त कापडाने कोष्टी विणकरांच्या मागांवर घाला घातला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि भोवतालच्या खेड्यांतून आलेल्या महार कुटुंबांना गावकीच्या बलुत्याऐवजी रोख मजुरी मिळू लागली. नागपुरातील स्थलांतराचा विचार करताना हा बदल सर्वांत मोलाचा मानला पाहिजे, कारण मजुरीचे आकडे कितीही कमी असले, तरी गावाच्या बंधनातून सुटका त्या आकड्यांत मोजता येत नाही. इतवारी-महालातील कोष्टी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांतील अनेकांनी मिलचेच सूत घेऊन काठाची लुगडी विणणे चालू ठेवले. एकाच व्यापाराने कोणाला उठवले, कोणाला आणले, तर कोणाला आहे तेथेच नवा आधार दिला.

स्थलांतरामुळे व्यापार वाढतो, याचेही पुरावे आहेत. परक्या देशात वसलेल्या माणसाला दोन्हीकडची भाषा, रीत आणि पत माहीत असते. त्यामुळे अनोळखी व्यापाऱ्यांमधील अविश्वास कमी होतो.

सेवांच्या बाबतीत हे नाते अधिक गुंतागुंतीचे बनते. नागपूर विमानतळालगतच्या मिहान या उद्योगक्षेत्रातील अभियंता नागपुरात बसून परदेशी ग्राहकाचे काम करतो, तेव्हा श्रम निर्यात होतात, माणूस नव्हे. त्याच कामासाठी त्याला काही महिने ग्राहकाच्या देशी जावे लागले, तर तो १९९५ मध्ये अमलात आलेल्या सेवा व्यापार करारातील (गॅट्स) चौथ्या प्रकारात, म्हणजे व्यक्तींच्या तात्पुरत्या ये-जा या प्रकारात मोडतो. या करारात सर्वांत कमी मोकळीक देशांनी याच प्रकाराला दिली आहे.