'पार्टी': दिवाणखान्यातील एका रात्रीमागचा इतिहास

गोविंद निहलानी यांचा १९८४ सालचा 'पार्टी' हा हिंदी चित्रपट महेश एलकुंचवार यांच्या त्याच नावाच्या मराठी नाटकावर आधारलेला आहे, हे आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. मुंबईतील दमयंती राणे या श्रीमंत, कलासक्त बाईंनी पुरस्कारप्राप्त नाटककार दिवाकर बर्वे यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठेवलेली असते. कथेला रूढ अर्थाने नायक नाही. नट, डॉक्टर, पत्रकार, होतकरू लेखक हातात पेला घेऊन एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात जात राहतात आणि प्रत्येकाच्या बोलण्यातून त्याचे रितेपण उघडे पडत जाते.

एक घर, मोजका काळ आणि अनेक माणसे हा घाट चित्रपटसृष्टीला नवा नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार यांनी 'ला रेग्ल द्यू जू' या चित्रपटात शिकारीसाठी गढीवर जमलेले उमराव आणि त्यांचे नोकर एकाच चौकटीत आणले. दुसरे महायुद्ध पेटण्याच्या काही आठवडे आधी, जुलै १९३९ मध्ये, तो पॅरिसमध्ये झळकला. प्रेक्षक संतापले, पुढे सरकारने बंदी घातली, युद्धातील बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली आणि १९५९ मध्ये सापडलेल्या तुकड्यांतून तो पुन्हा उभा राहिला. त्यानंतर १९६० मध्ये इटालियन दिग्दर्शक फेलिनी यांच्या 'ला दोल्चे व्हिता'ने युद्धोत्तर सुबत्तेतील रोमच्या उच्चभ्रूंच्या रात्री दाखवल्या व कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळवला.

एलकुंचवारांचे नाटक १९७६ चे, म्हणजे आणीबाणीच्या काळातले. श्रीमंतांच्या निरर्थक सुखापाशी ते थांबत नाही. त्या सुखाच्या पंगतीला बसणाऱ्या लेखकाच्या शब्दाला काय किंमत उरते, हा त्याचा खरा प्रश्न आहे आणि माझ्या मते त्याचे मोठेपण तिथेच आहे. म्हणूनच कथेचा सगळा भार मेजवानीला न आलेल्या माणसावर आहे. अमृत हा कवी शहर आणि प्रतिष्ठा सोडून आदिवासींच्या लढ्यात उतरलेला आहे. सगळे त्याच्याविषयी बोलतात, वाद घालतात, आणि अखेर त्याच्या मृत्यूची बातमी येते. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला अमृत पडद्यावर दिसतो तो थेट शेवटी. दमयंतीबाई विजया मेहता यांनी उभ्या केल्या. रोहिणी हट्टंगडी यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नाशिकच्या प्रेक्षकाला हा न आलेला माणूस दूरचा वाटू नये. दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि वसंत कानेटकरांचे वास्तव्य नाशिकचे, त्यामुळे नाटक-सिनेमाविषयी आपल्याकडे आपुलकीने बोलले जाते. गंगापूर रस्त्यावरील बंगल्यांतही अशा गप्पा रंगतात, आणि त्याच जिल्ह्यात पेठ व सुरगाणा हे आदिवासी तालुके आहेत. ६ मार्च २०१८ रोजी वनजमिनीच्या हक्कासाठी हजारो शेतकरी नाशिकहून पायी मुंबईला निघाले, त्यांत याच भागातले आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्या दिवसांनंतर 'पार्टी' पुन्हा पाहताना माझे लक्ष संवादांपेक्षा दिवाणखान्याच्या दाराकडेच अधिक लागून राहिले.