स्टार्टल्ड म्हणजे सरप्राइज्ड नाही

सरप्राइज सगळ्यांना कळतं, अपेक्षा एक आणि निघालं भलतंच, झालं. घोळ होतो तो इंग्रजीतल्या स्टार्टल्डचा, म्हणजे दचकण्याचा. इंदूरच्या मराठी घरांत जरा जास्तच, कारण बाहेर दिवसभर हिंदी आणि हिंदीत चौंकना दोन्हीकडे चालतं, माणूस फटाक्यानेही चौंकतो आणि निवडणुकीचे निकालही चौंकानेवाले असतात. मग मुलं लिहून मोकळी होतात, आय वॉज स्टार्टल्ड ऑल डे. त्यात काही गाइडांत दोन्ही शब्दांपुढे आश्चर्यचकित छापलेलं, याचा खरंच संताप येतो, मराठीत दचकणं इतकं नेमकं हाताशी असताना!

दिवाळीत राजवाड्याकडून पायी येताय आणि मागे सुतळी बॉम्ब फुटला. डोळे गच्च मिटतात, खांदे कानांकडे जातात, मान आत ओढली जाते, आणि काय फुटलं हे त्यानंतर कळतं. हे स्टार्टल, सेकंदाच्या आत संपतं सुद्धा. सरप्राइजमध्ये डोळे उलट मोठे होतात, भुवया वर, तोंड उघडं. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांजवळ गोळी नसलेलं, फक्त आवाजाचं पिस्तूल उडवलं होतं, तर आवाज कधी होणार हे आधी सांगितलेले लोकसुद्धा दचकले, थोडे कमी पण दचकलेच. सरप्राइजचं असं होत नाही, आधी कळलं की ते उरतच नाही. म्हणून आय ॲम स्टिल सरप्राइज्ड चालतं, स्टिल स्टार्टल्ड कानाला खटकतं. बातमीला स्टार्टलिंग म्हणतात हे मान्य, पण तिथे दचका फक्त उपमेपुरता.

भीती आणखी वेगळी, तिला धोका जाणवावा लागतो आणि ती टिकते. गोंधळ होतो कारण आधीच घाबरलेला माणूस जास्त जोरात दचकतो. अंधाऱ्या गल्लीत जीव मुठीत धरून चाललात की साधं कुत्रं भुंकलं तरी उडी पडते, तेव्हा फ्राइटन्ड तुम्ही आधीपासून होता, स्टार्टल्ड त्या क्षणी झालात.

बाकी स्केअर्ड आणि फ्राइटन्ड जवळपास सारखेच, स्केअर्ड जरा बोलण्यातला. टेरिफाइड म्हणजे पार थरकाप. ॲन अफ्रेड चाइल्ड मात्र लिहू नका, अफ्रेड नामाच्या आधी बसत नाही, तिथे फ्राइटन्डच हवा. आणि टेरिफिक म्हणजे आता झकास, कोणी तुमच्या पोराला टेरिफिक म्हटलं तर भांडायला जाऊ नका.