हेडफोन, अँप्लिफायर आणि निसटलेला डग्गा

तीस-चाळीस हजारांचा हेडफोन हौसेने मागवला, फोनला जोडला, आणि तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये डग्ग्याचा घुमाराच ऐकू येईना. अशी तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं: "वेगळा अँप्लिफायर घ्या." कधी ते बरोबर असतं. पुष्कळदा मात्र तो घुमारा अँप्लिफायरच्या कमकुवतपणामुळे गेलेला नसतो. चष्म्याच्या काडीपाशी पॅड आणि कानशील यांच्यात बारीकशी फट राहते, तिथून तो निसटलेला असतो. कुकरची रिंग सैल असेल तर गॅस कितीही मोठा केला तरी शिट्टी होत नाही, तसंच हे.

नाशिकमध्ये या वर्गातले हेडफोन दुकानात बसून तासभर ऐकून बघण्याची सोय फारशी नाही. बहुतेक खरेदी ऑनलाइनच होते. म्हणून मागवण्याआधीचा हिशेब इथल्या माणसाने जास्त काळजीने करायला हवा, आणि तो शाळेतल्या ओहमच्या नियमावर भागतो.

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधायचे: इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) ओहममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज येतो ते) डेसिबलमध्ये. दुसऱ्या आकड्यात एक खाच आहे. काही कंपन्या तो १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला, आणि दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही. मिलिवॅटचा आकडा व्होल्टमध्ये आणायचा तर ३०० ओहमच्या हेडफोनसाठी त्यात साधारण ५ डेसिबल मिळवावे लागतात, ५० ओहमसाठी १३, ३२ ओहमसाठी १५ आणि २० ओहमसाठी १७. ही मिळवणी न करता केलेल्या तुलना इंटरनेटवर भरपूर सापडतात.

आता लक्ष्य ठरवू. घरात निवांत ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या आसपास असते. पण ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये आलाप हळू असतो आणि तबल्याची थाप क्षणभर त्याच्या वीसेक डेसिबल वर उसळते. अशी टोकं कापली जाऊ नयेत म्हणून क्षणिक ११० डेसिबलची सोय ठेवली की पुरे. लक्षात ठेवायचं गणित एवढंच, की १० डेसिबल वाढवायला दहापट पॉवर लागते आणि ६ डेसिबल वाढवायला दुप्पट व्होल्टेज.

सेनहायझर एचडी ६५० चा इम्पिडन्स ३०० ओहम आहे आणि १ व्होल्टला तो १०३ डेसिबल देतो. ११० साठी ७ डेसिबल कमी पडतात, म्हणजे साधारण २.२ व्होल्ट हवेत. करंट लागतो जेमतेम साडेसात मिलिअँपिअर आणि पॉवर १७ मिलिवॅट. ऑडीझी एलसीडी-एक्स २० ओहमचा प्लेनार (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन आहे, १ मिलिवॅटला १०३ डेसिबल. त्याला ५ मिलिवॅट पुरतात, व्होल्टेज ०.३२. किमतीने आणि वजनाने दणदणीत असलेला हा हेडफोन साधा फोनसुद्धा पुरेसा मोठा वाजवतो. तिसरा हायफायमन एचई-६. हाही प्लेनार, ५० ओहमचा, पण १ मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबल. इथे ४५० मिलिवॅटच्या आसपास पॉवर, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर करंट लागतो. खरा ताकदवान अँप्लिफायर मागणारा या तिघांतला हाच, आणि त्याचे ओहम एचडी ६५० च्या सहाव्या हिश्शाएवढे आहेत. तेव्हा 'ओहम जास्त म्हणजे चालवायला अवघड' हा समज सोडून द्यावा. जास्त ओहमला व्होल्टेज लागतं, कमी ओहमला करंट. किती लागेल ते सेन्सिटिव्हिटी ठरवते.

अँप्लिफायरच्या खोक्यावर '३२ ओहमला १ वॅट' असं छापलेलं असतं. १ गुणिले ३२ याचं वर्गमूळ काढलं की ५.६६ व्होल्ट. हेच व्होल्टेज ३०० ओहमवर सुमारे १०७ मिलिवॅट देतं, गरजेच्या सहापट. मग त्या हेडफोनसाठी ५ वॅटचा अँप्लिफायर घेऊन काय मिळतं? आवाजाच्या दृष्टीने काहीच नाही. पॉवर कमी पडते तेव्हा आवाज 'पातळ' होत नाही. जोरदार थापेला चिरका, फाटका होतो. फाटत नसेल आणि तरीही बेस कमी वाटत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं. एक कारण आपल्या कानातच आहे: आवाज हळू असला की कानाला खालचे स्वर जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. नव्या अँप्लिफायरचा नॉब जरा वर गेला की 'बेस आला' असं वाटतं, त्यामागे बहुधा हेच असतं. दोन अँप्लिफायरची तुलना करायची तर एकच सूर वाजवून मल्टिमीटरने दोन्हींचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखं करावं. ते केलं नाही तर जो किंचित मोठा तोच जिंकतो.

जुळणीतला तिसरा आकडा बहुतेकजण वाचतच नाहीत, तो म्हणजे अँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा. ३२ ओहमला ४ ओहमपर्यंत. कारण हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६५० मध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास ५०० च्या घरात जातो. जुन्या पद्धतीच्या १२० ओहमच्या आउटपुटला तो जोडला की तेवढ्या पट्ट्यात साधारण १ डेसिबलचा फुगवटा येतो. काहींना ती ऊब आवडते, आणि आवडली तर त्यात गैर काही नाही. कानात घालायच्या, एकापेक्षा जास्त आर्मेचर (आवाज काढणारे बारीक भाग) असलेल्या इअरफोनचं मात्र पार बिघडतं: इम्पिडन्स ८ ते ४० ओहम असा वरखाली होत असेल तर १० ओहमच्या आउटपुटवर स्वरांचा तोल ५ डेसिबलने ढळतो, १ ओहमवर एक डेसिबलसुद्धा नाही. प्लेनार हेडफोनचा इम्पिडन्स जवळपास सपाट असल्याने त्याचा तोल ढळत नाही. तरी आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर २० ओहमच्या प्लेनारला लावू नये, कारण त्याच्याकडे करंटच नसतो. त्याची जोडी ३०० किंवा ६०० ओहमशी जमते.

आउटपुट इम्पिडन्सचा आकडा कंपनीने दिला नसेल तर घरी मोजता येतो. ६.३५ मिलिमीटरची एक जॅकपिन, ३३ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आणि साधा मल्टिमीटर, एवढंच सामान. सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात ते मिळतं. ५० हर्ट्झचा सूर वाजवायचा, कारण स्वस्त मल्टिमीटर याच फ्रिक्वेन्सीला भरवशाचे असतात. जॅकचं टोक आणि ग्राउंड यांच्यात एसी व्होल्टेज अर्ध्या व्होल्टवर आणायचं, मग नॉबला हात न लावता तिथेच रेझिस्टर जोडून पुन्हा वाचायचं. ०.५०० चं ०.४५० झालं, तर पहिल्याला दुसऱ्याने भागून १ वजा करा आणि ३३ ने गुणा: ३.७ ओहम. त्याच बैठकीत गाणं बंद करून डीसी व्होल्टेजही बघून घ्यावं. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ५० च्या वर असेल तर तिथे हेडफोन लावू नये. हेडफोनचा पडदा एका बाजूला ढकललेला राहतो आणि कॉइल विनाकारण तापते.

बॅलन्स्ड आउटपुटबद्दल एकच इशारा. त्यात व्होल्टेज दुप्पट मिळतं खरं, पण उजव्या आणि डाव्या बाजूच्या ऋण तारा वेगळ्या असतात. साध्या तीन-कप्पी जॅकचा हेडफोन अडॅप्टरने तिथे लावला की त्या दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि अँप्लिफायरचा आउटपुट जळू शकतो. उलट दिशेचा अडॅप्टर, म्हणजे बॅलन्स्ड वायरीचा हेडफोन साध्या आउटपुटला, बिनधास्त चालतो.

परदेशातून आलेल्या अँप्लिफायरच्या मागे ११५/२३० असा स्विच असेल तर प्लग लावण्याआधी तो २३० वर आहे ना हे बघा. तीन पिनी प्लगची अर्थिंग पिन काढून टाकू नका. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा. थांबली तर दोष ग्राउंड लूपचा (अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेल्याचा) किंवा चार्जरचा आहे. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेल्यावर ट्रान्सफॉर्मर घरघरतो, त्या वेळी बॅटरीवरचा छोटा डीएसी (डिजिटल सिग्नलचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारं उपकरण) वापरणं बरं. गेन (अँप्लिफायर सिग्नल किती पट वाढवतो ते) कमी ठेवून सुरुवात करा. नॉब अगदी तळाशी असताना डावं-उजवं असमान वाजतं, म्हणून घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये ऐकायची पातळी येईल असा गेन निवडावा.

इथपर्यंतचं सगळं कागदावर आणि मीटरवर होतं. सगळ्यात जास्त फरक पडतो तो कानावर. खालच्या स्वरांना हेडफोन हवेत लाटा सोडत नाही. त्याचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामधली मूठभर हवा तो दाबतो आणि सोडतो. कडेला फट असली की दाब तिथून सुटतो. वरच्या स्वरांची आंदोलनं इतकी झटपट असतात की हवेला सुटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे फक्त बेस जातो आणि माणूस अँप्लिफायरकडे बोट दाखवतो.

तपासणी सोपी आहे. ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप कडेने, जाळी न झाकता, तळहातांनी हलकेच दाबा. घुमारा एकदम भरून आला तर गळती आहे. मग चष्मा काढून तेच करा. बंद पाठीच्या आणि बऱ्याच प्लेनार हेडफोनमध्ये फरक ठळक कळतो. एचडी ६५० सारख्या उघड्या पाठीच्या डायनॅमिक (कॉइलने पडदा हलवणाऱ्या) हेडफोनमध्ये कमी, कारण त्याचा बेस मुळातच खाली उतरत जातो. चष्मा लागतोच, तर पातळ सपाट काडीची एक फ्रेम ऐकण्यासाठी वेगळी ठेवावी. मखमली पॅड काडीभोवती बसतो, कडक रेक्झिनचा बसत नाही. पण पॅडचा प्रकार बदलला की आवाजही बदलतो: जाड पॅडने कान पडद्यापासून दूर जातो, मखमलीतून थोडा बेस गळतो. म्हणून आधी त्याच मॉडेलचे नवे पॅड लावून बघावेत. दोनेक वर्षांच्या वापराने फोम बसतो, कान आतल्या जाळीला टेकायला लागतो, आणि कान दुखणं आणि आवाज बदलणं ही दोन्ही दुखणी एकाच वेळी सुरू होतात.

डोक्यावरची पट्टी बसवताना कप पूर्ण खाली ओढावेत, हेडफोन घालावा आणि पट्टी टाळूला जेमतेम टेकेपर्यंत दोन्ही बाजू सारख्या खाचांनी वर घ्याव्यात. सगळा भार टाळूवर आला की अर्ध्या तासात तिथे ठणका लागतो. सगळा कानशिलावर आला की जबडा आवळतो. एचडी ६५० चं वजन २६० ग्रॅम, एलसीडी-एक्सचं ६१२. जड हेडफोनला टाळूवर रुंद पसरणारा चामड्याचा पट्टा असेल तर दाब विभागला जातो, तो वेगळा विकत घेणं नव्या केबलपेक्षा कितीतरी फायद्याचं.

नवा हेडफोन चिमट्यासारखा आवळत असेल तर स्टीलची पट्टी सैल करता येते. कप पूर्ण ओढून उघडा पडलेला धातूचा भाग दोन्ही हातांनी धरायचा आणि दोन्हीकडे सारखाच, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर बाहेर वाकवायचा. घालून बघायचा, मग पुढचं. हात धजत नसेल तर डोक्यापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवावा. अख्ख्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर यातलं काही करू नये, ती तडकते. आणि प्रत्येक वेळी ४० हर्ट्झची तपासणी पुन्हा करावी, कारण जास्त सैल केलं की तीच फट परत येते.

नाशिकच्या ऐकणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. गणपतीआधी ढोलपथकाच्या सरावात जवळचा आवाज १०० डेसिबल धरला, तरी आठवड्याची सगळी मुभा २४ मिनिटांत संपते. सरावाहून परतल्यावर कान तात्पुरते बधिर असतात. त्या संध्याकाळी हेडफोनचा आवाज वाढवू नये आणि अँप्लिफायर चांगला की वाईट हेही ठरवू नये. कानात बुच घालून वाजवणाऱ्यांना दोन्ही मिळतं, ढोलही आणि नंतरचा ख्यालही.

एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीत हेडफोन ठेवला तर पॅडचा गोंद सुटतो. पावसाळ्यात घाम आणि दमट हवा मिळून रेक्झिनचा थर हळूहळू सोलतो. वापरल्यावर किंचित ओल्या फडक्याने पुसून, स्पिरिट न लावता, वाळवून सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर डब्यात ठेवावा. स्टॅक्ससारख्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनला ५८० व्होल्टचा बायस (पडद्यावर सतत ठेवायचं व्होल्टेज) देणारा स्वतंत्र अँप्लिफायर लागतो, आणि दमट हवेत पडद्यावरचा विद्युतभार गळून एक बाजू हळू वाजू लागते. तशी लागली तर लगेच दुरुस्तीला धाडू नये. रात्रभर सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवून सकाळी पुन्हा ऐकावा, आणि तरीही बाजू हळूच राहिली तरच कारागिराकडे न्यावा.