पाच घटक जुळले, तरी त्रिकोण वेगळे

तीन बाजू आणि तीन कोन, अशा सहा घटकांपैकी पाच समान निघाले की दोन त्रिकोण एकरूप, म्हणजे एकमेकांवर तंतोतंत बसणारे असणारच, असं आठवी-नववीची मुलं ठामपणे सांगतात. मोठ्यांनाही ते पटतं. पण ते खरं नाही.

८, १२, १८ सेमी बाजूंचा एक त्रिकोण काढा आणि शेजारी १२, १८, २७ सेमीचा दुसरा. दुसऱ्याची प्रत्येक बाजू पहिल्याच्या दीडपट, म्हणून तिन्ही कोन समान. १२ आणि १८ सेमीच्या बाजू तर दोन्हींत आहेत. पाच घटक समान, तरी दुसरा त्रिकोण उघड मोठा!

गोम संगतीत आहे. पहिल्यात १२ सेमीची बाजू मधल्या कोनासमोर येते, दुसऱ्यात सर्वांत लहान कोनासमोर. संगत बाजू म्हणजे समान कोनांसमोरच्या बाजू. नुसती लांबी जुळून भागत नाही. आकृती फिरवलेली किंवा पालथी असली की डोळा फसतो. अशा वेळी आधी सर्वांत मोठा कोन आणि त्याच्यासमोरची बाजू शोधावी. △कखग ≅ △पफब (≅ म्हणजे एकरूप) असं लिहिलेलं असेल तर आकृतीकडे पाहायचीही गरज नाही. अक्षरांचा क्रमच सांगतो की खग ची जोडी फब शी.

असे फसवे त्रिकोण हवे तितके बनतात. प्रत्येक पुढची बाजू आधीचीच्या ठरावीक पट घ्यायची. ही पट १ पेक्षा मोठी आणि (१+√५)/२, म्हणजे सुमारे १.६१८ पेक्षा लहान हवी. त्यापुढे दोन लहान बाजूंची बेरीज मोठीला पुरत नाही.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणाऱ्या विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली सरळ रेषा, मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांची साखळी उभी केली. एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, कारण त्या बाजूची आणि कोनांची जागा पक्की असली की वेगळा त्रिकोण बनूच शकत नाही. नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला तो वारला. नागपुरातल्या शून्य मैलापाशी त्याच सर्वेक्षणाची १९०७ ची खूण आहे, ती मात्र समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची.

आपल्याकडे लेआउटमधला त्रिकोणी प्लॉट वास्तूच्या नावाखाली अशुभ ठरवतात, याचं वाईट वाटतं. त्याच्या तीन बाजू मोजल्या की क्षेत्रफळ पक्कं. चौकोनी प्लॉटच्या चारही बाजू मोजल्या तरी ते ठरत नाही. एक कर्ण मोजून त्याचे दोन त्रिकोण करावेच लागतात.