दिसायला एक, वंशाने दोन: हमिंगबर्डची प्रजाती कशी ठरते?

पुण्यात वेताळ टेकडीवर जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर यांच्या माद्या ओळखताना आपण गळा पाहतो. पहिलीचा पिवळसर असतो, दुसरीचा करडा-पांढरा. या दोन प्रजाती आहेत हे आधीच ठरलेले असते, आपल्याला फक्त ओळख पटवायची असते. शिंजिराला अनेक जण हौसेने हमिंगबर्ड म्हणतात, पण खरे हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांतच आढळतात, आणि त्यांतील सर्वांत मोठ्या जायंट हमिंगबर्डबाबत मूळ प्रश्नच वेगळा होता: हा पक्षी एक आहे की दोन?

चिलीच्या मध्य भागात, समुद्रसपाटीजवळ वीण करणारे जायंट हमिंगबर्ड हिवाळ्यात दिसेनासे होत. पाठीवर चिमुकली यंत्रे बसवून माग काढल्यावर समजले, की ते पेरूच्या अँडीज पर्वतात ४,००० मीटरहून अधिक उंचीवर जातात. येऊन-जाऊन हा प्रवास ८,००० किलोमीटरहून अधिक भरतो. तिथे त्यांच्यासारखाच दिसणारा, वर्षभर उंचीवरच राहणारा पक्षी असल्यामुळे दोघांची सरमिसळ कोणाच्या लक्षात आली नव्हती. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांसह केलेल्या जनुकीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार या दोन शाखा सुमारे २१ ते ३४ लाख वर्षांपूर्वी विभक्त झाल्या. काही महिने एकाच डोंगरावर चरणे म्हणजे एकत्र वीण करणे नव्हे, हा मुद्दा मला येथे निर्णायक वाटतो. जनुके, स्थलांतर आणि विणीचे प्रदेश हे तिन्ही पुरावे एकाच दिशेला जात असल्यामुळे दोन प्रजाती मानणे योग्यच आहे.

उत्तर अमेरिकेतील रूफस आणि ॲलन्स या हमिंगबर्डचा पेच याच्या उलट आहे. सहसा रूफस नराची पाठ तांबूस, तर ॲलन्सची हिरवी असते. तथापि काही रूफस नरांची पाठही हिरवी असल्याने शेपटीच्या पिसांचा आकार तपासावा लागतो. त्यातच दक्षिण ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियात दोघांचा संकरही होतो. तरीही नर मादीपुढे ज्या सुरकांड्या मारतात त्यांची धाटणी दोघांत वेगळी आहे, आणि संकराच्या पट्ट्याबाहेर दोन्ही पक्षी आपापली वैशिष्ट्ये टिकवून आहेत. म्हणून केवळ संकर आढळला एवढ्यावरून त्यांना एका प्रजातीत ढकलणे मला घाईचे वाटते. पट्टा विस्तारत जाऊन दोन्हीकडचे निराळेपण पुसले जाऊ लागले, तरच तो निर्णय पुन्हा तपासावा लागेल.