ग्लुकोमीटर, सेन्सर, इन्सुलिन पंप बिघडला तर नोंद कुठे करायची? आणि तो लॉट नंबर

मधुमेहींच्या दंडावर चिकटवलेल्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरने रात्रभर चुकीचा आकडा दाखवला की लोक दुकानदाराशी भांडतात. तो फार तर बदलून देतो आणि बिघाडाची सरकारदरबारी नोंद होतच नाही. ती करायची जागा म्हणजे मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया, वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडांवर लक्ष ठेवणारी सरकारी योजना. २०१५ पासून चालू आहे, कारभार औषधांची मानकं ठरवणाऱ्या, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. डॉक्टर, नर्स, रुग्ण, नातेवाईक, कुणीही कळवू शकतं. फॉर्म कमिशनच्या वेबसाइटवर आहे. चौकशीसाठी टोल फ्री १८००-१८०-३०२४, तोही कचेरीच्या वेळेत.

घोडं अडतं ते लॉट नंबरपाशी, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाच्या क्रमांकापाशी. सेन्सर दंडावर, खोका कचऱ्यात! स्ट्रिप्सचा नंबर डबीवर असतो आणि डबी संपली की फेकली जाते. मॉडेल, सीरियल आणि लॉट नंबर नसेल तर कोणत्या मालात खोट आहे हे शोधणार कसं? म्हणून खोका उघडतानाच लेबलचा फोटो काढा. कंपनी बदलून देताना जुना सेन्सर परत मागते; आधी फोटो, मग सेन्सर. अॅपही लगेच काढून टाकू नका, रीडिंगचे स्क्रीनशॉट घ्या.

पंपाची सॉफ्टवेअर आवृत्तीही लिहा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, मिनिमेड ब्रँडच्या काही जुन्या पंपांबाबत इशारा दिला होता की, जवळपासचा माणूस वायरलेसवरून सेटिंग बदलू शकेल. आपला पंप त्यात येतो का, हे मॉडेल आणि आवृत्ती पाहूनच कळत होतं.

प्रत्येक फरक म्हणजे बिघाड नव्हे. लॅबमध्ये १५० आणि ग्लुकोमीटरवर १६५ हे मानकात बसतं. सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागेच असतो. आणि आंबा खाऊन हात न धुता बोट टोचलंत तर मशीन बिचारं काय करणार? हात धुऊन पुन्हा तपासा, दोन्ही आकडे वेळेसकट लिहा. ‘मशीन खराब आहे’ एवढ्या एका ओळीचा कुणालाच उपयोग नाही.

बिघाड पंधरा दिवसांत कळवायच्या मुदतीचा गोंधळ तर नेहमीचाच. ती मुदत परवानाधारक कंपनीला आहे, गंभीर आणि अनपेक्षित घटना कळल्यापासून. ‘पंधरा दिवस उलटले, आता काय उपयोग’ म्हणून तुम्ही थांबू नका.

पैसे मात्र या फॉर्मने परत मिळत नाहीत. भरपाई हवी तर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. तिथे पहिला प्रश्न बिलाचा येतो, आणि ओळखीच्या दुकानातून आपण ते घेतलेलं नसतं.