जुन्या पिकअपच्या इंजिनावरील प्रदूषण-नियंत्रक भागांची ओळख

जुन्या पेट्रोल पिकअपच्या इंजिनावर कार्बोरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर यांच्याखेरीज काही व्हॉल्व्ह, डबे आणि बारीक रबरी नळ्या दिसतात. इंजिनातील व टाकीतील वाफा आणि सायलेन्सरमधून येणारे विषारी वायू हवेत कमी जावेत म्हणून बसवलेले हे भाग असतात. ते ओळखता आले की इंजिन कोणत्या काळातले आणि कोणत्या देशाच्या नियमांखाली बनले, हेही बऱ्यापैकी कळते.

अमेरिकेत असे भाग कॅलिफोर्नियात १९६१ पासून येऊ लागले. तिथल्या कारमध्ये १९७५ पर्यंत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धुरातील विषारी वायू कमी घातक करणारा सायलेन्सरच्या मार्गातील डबा) आला. भारतात धुरावर देशव्यापी मर्यादा १९८९ ते १९९१ या काळात लागू झाल्या. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातील देशी पिकअपवर हवापंप (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा) किंवा ईजीआर (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आढळला, तर इंजिन बाहेरून आणून बसवलेले असावे, असा पहिला संशय घ्यावा.

याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या, क्रँकशाफ्टच्या पोकळीतील) वाफा जाळण्यासाठी परत इनटेकमध्ये (हवा-पेट्रोल आत जाण्याच्या वाटेत) सोडणारा व्हॉल्व्ह. तो नियमांच्या आधीपासून आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपवर तो होता, कारण पाण्यातून आणि धुळीतून जाताना क्रँककेस बंदिस्त असणे गरजेचे होते. त्याच घराण्यातील पेट्रोल इंजिनांवर टॅपेटच्या बाजूच्या झाकणापासून इनटेककडे जाणारी नळी शोधावी; व्हॉल्व्ह तिच्यावरच असतो. काढून कानाजवळ हलवला की चांगला व्हॉल्व्ह खडखडतो. आवाज नसेल तर आत काजळी व ऑईलचा चिकटा बसलेला असतो. इंजिन स्लोवर ठेवून त्याच्या तोंडावर बोट धरले की ओढ जाणवली पाहिजे. तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि सीलमधून ऑईल बाहेर पडते. मग "(पिस्टनच्या) रिंगा गेल्या" म्हणून इंजिन उघडले जाते. बोअरचा खर्च करण्याआधी हा हातभर नळीचा तुकडा तपासलाच पाहिजे.

हवापंप दिसायला डायनॅमोसारखा असतो, पट्ट्यावरच फिरतो, पण त्याला एकही वायर येत नाही. त्याच्यापासून जाड रबरी नळी निघते आणि पुढे लोखंडी नळ्या प्रत्येक एक्झॉस्ट पोर्टजवळ शिरतात. जळायचे राहिलेले पेट्रोल तिथे ताज्या हवेत जळून जावे, हा त्यामागचा हेतू.

ईजीआर व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या शेजारी बसतो. त्याचे डोके अळंबीसारखे चपटे-गोल असते आणि वर एकच बारीक व्हॅक्यूमची नळी येते. इंजिन थंड असताना चालू करून आतला पडदा बोटाने वर दाबला, की इंजिन अडखळते किंवा बंद पडते. काहीच फरक पडला नाही, तर वाट काजळीने बुजलेली समजावी.

कोळशाचा डबा नागपूरच्या हवेत विशेष समजून घेण्यासारखा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोलची वाफ सतत निघते. बॉनेटखालचा हा काळा डबा ती वाफ कोळशात धरून ठेवतो आणि इंजिन सुरू झाले की कार्बोरेटरकडे सोडतो. दुपारी गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर गळती शोधताना टाकीकडून येणारी नळी डब्याला नीट बसली आहे का, हेही पाहावे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरील स्प्रिंग आणि वजन लावलेली झडप मात्र या गटात धरू नये; थंड इंजिनाचे मिश्रण गरम करण्यासाठी ती फार पूर्वीपासून वापरात आहे. पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या पिकअपवर यांपैकी काहीच राहत नाही, उरतो तो खाली सोडलेला ब्रीदर (क्रँककेसच्या वाफा बाहेर सोडणारी नळी).

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या व मूळ रूपात जपलेल्या चारचाकीची 'व्हीए' मालिकेत विंटेज म्हणून नोंदणी करता येते. म्हणून अनोळखी भाग कबाड्याकडे टाकण्याआधी तो कशाचा हे पाहावे. काढलेल्या भागाची खूणही राहते: मॅनिफोल्डवर दोन बोल्टने कसलेली कोरी लोखंडी पट्टी दिसली, तर तिथे बहुधा ईजीआर होता.